पणजोबांचा भाव

"ही कवळी आहे," मी म्हणालो.

"दिसतंय मला. ठेव खाली," शलाका म्हणाली.

"पण नुसती वरची आहे."

"खालची पुढच्या रविवारी येईल," ताडपत्रीवर मांडी घालून बसलेला माणूस म्हणाला. "घेऊन ठेवा. जोडी जमते हळूहळू."

त्याच्या बोलण्यात इतका विश्वास होता की माझा हात खिशाकडे गेलाच. शलाकानं माझी बाही धरून मला ओढत पुढे नेलं. बाही धरलीय, उद्या हात धरेल, असा मी हिशेब केला आणि त्या हिशेबावर बराच वेळ खूश होतो.

पुण्याचा जुना बाजार तेव्हा रविवारी सकाळी असा काही भरायचा की ज्याचं घरात काही हरवलेलं नाही त्यालाही आपलं काहीतरी इथे असेल असं वाटावं. किल्ल्यांशिवायची कुलपं एकीकडे, कुलपांशिवायच्या किल्ल्या दुसरीकडे. दोघा दुकानदारांच्या ताडपत्र्या शेजारीशेजारी आणि दोघांत बोलणं नाही. पितळी समया, बंद पडलेली घड्याळं, चष्म्याच्या रिकाम्या काड्या, बाहुलीची नुसती डोकी, आणि एकेका पायाचे बूट. एकेका पायाच्या बुटांना गिऱ्हाईक होतं, हे विशेष.

आम्ही फोटो शोधायला आलो होतो. आमच्या कॉलेजची एकांकिका होती आणि शलाका दिवेकर नेपथ्य बघत होती. दिवाणखान्याच्या भिंतीवर घराण्याच्या मूळ पुरुषाची तसबीर हवी होती. खाली त्याच्या मुलाचं प्रेत ठेवलेलं असतं आणि प्रेताची मुलं घराच्या वाटणीवरून भांडतात, असं नाटक होतं. प्रेत मी होतो. भूमिका लहान नव्हती. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत मी रंगमंचावर असायचो. दिग्दर्शकाचं म्हणणं होतं की मी श्वास फार घेतो.

त्या रविवारी मला शलाकाला एक गोष्ट सांगायची होती. वाक्य तयार होतं, अगदी साधं, "शलाका, मला तू आवडतेस." तालमीनंतर आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं, पण पांढरी दाढी लावलेली असल्यामुळे ते फारच गंभीर वाटलं. जुना बाजार मी मुद्दाम निवडला होता. इथे ओळखीचं कोणी भेटत नाही. पितळेच्या ओळीपाशी थोडी सावली होती, तिथे बोलायचं ठरवलं.

"शलाका," मी म्हणालो, "मला तुला काहीतरी सांगायचंय."

"बोल ना."

तेवढ्यात बुलेटचा आवाज आला.

पुष्कराज इनामदार. आमच्या नाटकातला मोठा मुलगा, म्हणजे माझा. तो रोज तालमीत माझ्या छातीवर डोकं ठेवून रडायचा आणि त्याच्या केसांना येणारा शाम्पूचा वास मला पूर्ण वेळ घ्यावा लागायचा, कारण प्रेताला मान वळवता येत नाही. तो उंच होता, गोरा होता, आणि आवाज असा होता की "जरा पाणी दे" म्हणाला तरी कोणाला तरी भरून यायचं. त्याच्याबद्दल वाईट बोलावं असं काही नव्हतं. हीच त्याच्याबद्दलची सगळ्यात वाईट गोष्ट होती.

"अरे, तुम्ही सापडलात!" तो म्हणाला. "काल शलाका म्हणाली होती बाजारात येणार म्हणून. म्हटलं बघू या, भेटतात का."

मी शलाकाकडे बघितलं. ती एका कंदिलाकडे बघत होती. कंदिलात बघण्यासारखं काही नव्हतं.

"तू काय सांगत होतास, हेम्या?" तिनं विचारलं.

"काही नाही. कवळीचं," मी म्हणालो.

मग आम्ही तिघं फिरू लागलो. पुष्कराज ज्या वस्तूला हात लावायचा ती वस्तू अचानक बरी दिसायला लागायची. त्यानं एक गंजलेला अडकित्ता उचलला तर तो एखाद्या संस्थानिकाचा वाटला. मी तोच अडकित्ता घेतला तर दुकानदार म्हणाला, "जपून, बोट जाईल." एका ढिगातून त्यानं जुनी फेल्ट हॅट काढली आणि डोक्यावर ठेवली. आजूबाजूची दोन माणसं थांबून बघायला लागली.

"बघू," म्हणून मी ती घेतली आणि घातली. मला काही दिसेनासं झालं. हॅट नाकावर येऊन टेकली होती. आतल्या अंधारात मला शलाकाचं हसू ऐकू आलं.

"ह्या सायबांना द्या परत," दुकानदाराचा आवाज आला. "त्यांना शोभत व्हती."

पुष्कराजनं हॅट घेतलीच. बाजारात तो घासाघीसही करत नसे. तो दुकानदाराकडे बघून हसायचा आणि दुकानदार आपणहून खाली यायचा. मी चिडून पाण्याचा नळ शोधायला गेलो. परत आलो तेव्हा शलाका एका पितळेवाल्याशी डोक्याला डोकं लावून काहीतरी कुजबुजत होती आणि पितळेवाला हसून मान डोलवत होता. मला बघून दोघंही गप्प झाले. पितळेवाल्यावरसुद्धा मी जळलो, हे मला कळत होतं. वय साठीच्या पुढचं होतं त्याचं.

फोटोंची ओळ बाजाराच्या मधोमध होती. शेवंताबाई नावाची एक दणकट बाई तिथे बसायची. हिरवं लुगडं, तोंडात मिश्री आणि पाठीमागे भिंतीला टेकवून ठेवलेली मेलेली माणसं. कोणी टोपीतला, कोणी उपरण्यातला, कोणी लग्नातला. सगळे समोर बघत होते. आम्ही गेलो तशी त्यांनी आम्हाला न्याहाळलं असं वाटलं.

त्यात तो होता. मोठी तसबीर, शिसवी चौकट. मोठ्या मिशा, भरजरी कोट, डोक्याला पागोटं, मांडीवर आडवी तलवार. मागे महाल आणि तळं. शलाकानं श्वास आत घेतला.

"हाच," ती पुटपुटली. मग मोठ्यांदा म्हणाली, "मावशी, हा केवढ्याला?"

शेवंताबाईंनी आकडा सांगितला. त्या आकड्यात आमची अख्खी एकांकिका बसली असती, प्रकाशयोजनेसकट.

"अहो मावशी, कॉलेजच्या नाटकाला हवाय."

"मंग नाटकातला सरदार बघा. ह्यो खरा सरदार हाय."

शलाका माझ्याकडे वळली. तिनं डोळे विचित्र मोठे केले होते. "हेमंत," ती म्हणाली. हेम्या नाही, हेमंत. "नीट बघ हं. ह्यांच्यातलं कोणी तुझ्या ओळखीचं वाटतंय का? घरातलं वगैरे?"

माझं लक्ष पुष्कराजच्या हॅटकडे होतं. ती आता तिरकी झाली होती आणि त्यामुळे जास्तच चांगली दिसत होती.

"माझ्या घरातलं? आमच्या घरातले सगळे घरीच आहेत."

"नीट बघ ना पण."

"बघितलं. माझं इथे कोणीही नाही."

"एक मिनिट," पुष्कराज म्हणाला.

त्यानं हॅट काढली. दोन पावलं पुढे झाला. गुडघ्यावर बसला आणि त्या काचेवरून बोटं फिरवली.

"आबासाहेब," तो म्हणाला.

"कोण आबासाहेब?" मी विचारलं.

"आमचे पणजोबा."

शेवटच्या अक्षरावर त्याचा आवाज चिरला. तो कुठे चिरतो हे मला नेमकं माहीत होतं, कारण रोज संध्याकाळी तो माझ्या छातीवर तिथेच चिरायचा. पण माझ्या छातीवर कोणी जमायचं नाही. इथे माणसं जमली. कवळीवाला आला. कुलूपवाला आणि किल्लीवाला एकदमच आले, आणि मला वाटतं त्या दिवशी ते एकमेकांशी बोलले.

"हिथं कसं आलं तुमचं आजोबा?" शेवंताबाईंनी विचारलं.

"पानशेत," पुष्कराज म्हणाला.

सगळ्यांनी "च् च्" केलं. पुण्यात एकसष्ट सालच्या पानशेतच्या पुराचं नाव काढलं की पुढे कोणी काही विचारत नाही. या शहरातून जे जे हरवलं ते त्या पुरातच गेलेलं असतं. आमच्या शेजाऱ्यांचं रेशनकार्ड दोन हजार चार साली हरवलं, तेही पानशेतमध्ये.

"नारायण पेठेत घर होतं," पुष्कराज सांगत होता. "भिंत गेली, भिंतीवरचे आबासाहेब गेले. आजी शेवटपर्यंत विचारायची, मिळाले का रे?"

शलाकाच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. तिनं ओढणीनं त्या सरदाराची काच पुसली आणि खाली वाकून नमस्कार केला. तिच्या डोळ्यांत पाणी आणायला मला किमान पाय मोडून घ्यावा लागला असता, आणि तरी ती म्हणाली असती, बघून चालायला काय होतं.

"घरच्या मानसाचा काय भाव सांगायचा," शेवंताबाई म्हणाल्या. "नुसतं चौकटीचं द्या. जाताना न्या, तवर पुसून ठिवते."

कोणीतरी चहा सांगितला. पुष्कराजला पहिला कप मिळाला, शलाकाला दुसरा, आबासाहेबांसमोर एक ठेवला. माझ्यापर्यंत येईतो चहा संपला.

पुष्कराज हुशार होता, देखणा होता, इथपर्यंत मी सहन केलं होतं. त्याला वाटेत, सहज, रविवारी सकाळी तलवारवाला पणजोबा सापडावा हे मला सहन होईना. माझे पणजोबा सासवडला टपालाचे गठ्ठे उचलायचे. त्यांचा फोटो नव्हता, कारण फोटोच्या दिवशी ते गठ्ठे उचलत होते.

तेव्हा मी ठरवलं की आपल्यालाही एक मिळाला पाहिजे.

मी एकटाच बाजार धुंडाळायला लागलो. फोटो ठेवणारे आणखी चारदोन जण होते.

"काय पायजे?" पहिल्यानं विचारलं.

"आजोबा."

"कसले?"

"साधेच. पण भारदस्त."

"पागोट्यातले सकाळीच गेले. टोपीवाले आहेत."

"कोटातले?"

"कोटातले महाग जातात. एक वकील आहे, पण नाकावर काच तडकलीय. आजी चालेल का?"

"आजीनं भागणार नाही," मी म्हणालो.

दुसऱ्याकडे एक पहिलवान होता, पण तो माझा कोणी लागतो यावर लहान मुलानंही विश्वास ठेवला नसता. तिसऱ्याकडे एक पारशी गृहस्थ होते, चेहऱ्यानं फार सज्जन. मी त्यांच्यापुढे थोडा वेळ उभा राहिलो. पानशेतमध्ये धर्म कसा बदलला हे काही जुळवता येईना.

मागून शलाकाचा आवाज आला. "हेम्या! हा बघ, हा बघ!"

ती आणि पुष्कराज एकाच पेरूच्या फोडी खात, तिखटमीठ लावून, माझ्या मागे येऊन पोचले होते. तिच्या हातात एक लहान चौकट होती. आत काळ्या टोपीतला एक किरकोळ माणूस. डोळे बारीक, हनुवटी आत आणि कान उघड्या कपाटासारखे.

"कान बघ! तुझेच कान! अरे, हा तुझाच कोणीतरी आहे. मी सांगते तुला."

ती फोटो माझ्या चेहऱ्याशेजारी धरून बघायला लागली. इतक्या जवळून तिनं मला कधी बघितलं नव्हतं. तिच्या श्वासाला पेरूचा वास होता. तो माणूस खरंच माझ्यासारखा होता. एखाद्या गठ्ठ्यामागून नुकताच बाहेर आल्यासारखा.

"छे," मी म्हणालो. "आमच्यात असले कान नाहीत."

"नाहीत?" ती माझ्या कानांकडे बघत म्हणाली.

"आमच्या आबासाहेबांचा कारकून असणार," पुष्कराज म्हणाला. "हिशेबात चूक झाली म्हणून कान धरलेले दिसतात."

शलाका हसली. मग तिनं तो फोटो जागेवर ठेवला, पालथा नाही, उताणा, माणसाचं तोंड आभाळाकडे करून.

"तू असा काय वागतोयस रे आज?" तिनं मला विचारलं.

"कसा?"

"कोणी मेल्यासारखा."

"तीच भूमिका आहे माझी," मी म्हणालो आणि पुढे चालायला लागलो.

बाजाराच्या अगदी टोकाला, जिथे वस्तू संपून नुसतं भंगार सुरू होतं, तिथे मला तो दिसला. दुसरा सरदार. भरजरी कोट, पागोटं, मांडीवर तलवार. माझ्या छातीत आनंदाची उकळी फुटली. बघा, मलाही मिळाला. मी चौकट उचलली. मग नीट बघितलं. तलवारीच्या मुठीला गोंडा होता. आबासाहेबांच्याही तलवारीला होता. खुर्चीच्या हातावर नाक तुटलेला सिंह होता. आबासाहेबांच्याही खुर्चीवर तोच सिंह, तेच नाक नसलेला. मागे महाल, तळं, तळ्यात दोन हंस, एक हंस जरा जास्तच मोठा. फक्त माणूस वेगळा होता. पागोटं त्याच्या भुवयांवर आलं होतं. डोकं माझ्या मापाचं असावं.

"असले अजून आहेत?" मी विचारलं.

"ढीगभर," भंगारवाला म्हणाला. त्यानं हात घालून आणखी दोन काढले. एक जाडा सरदार, त्याच्या कोटाची बटणं लागत नव्हती. आणि एक बाई. नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू, तीच खुर्ची, तीच तलवार आणि तलवारीवर बसवलेलं रडणारं पोर.

"हे सगळे कुठले?"

"जत्रेतले. फोटोवाला तंबू टाकायचा. पडदा त्याचा, खुर्ची त्याची, कोट-पागोटं-तलवार सगळं त्याचं. माणूस तेवढा आपला न्यायचा. पाय बघा की."

मी पाय बघितले. भरजरी कोटाखाली धुळीनं भरलेले, भेगा पडलेले, अनवाणी पाय. तिघांचेही. रानातून थेट सरदारकीवर आलेले.

त्या दिवशी प्रथमच मला भूक लागली, इतकं बरं वाटलं.

"मला हे जरा दाखवायला न्यायचेत. आणून देतो," मी म्हणालो.

"काहीतरी ठेवून जावा."

मी एक चप्पल ठेवली. दोन्ही ठेवल्या असत्या तर त्यानं विकल्या असत्या. एकच ठेवण्यात माझी हुशारी होती. मग तीन चौकटी छातीशी धरून, एक पाय तापलेल्या डांबरावर आणि एक चपलेत, असा मी शेवंताबाईंकडे निघालो. वाटेत कवळीवाला म्हणाला, "वा! तुमचं बी सापडलं वाटतं खानदान!"

पुष्कराज आणि शलाका तिथे परत आले होते. आबासाहेबांना वर्तमानपत्रात गुंडाळणं चाललं होतं. पायांपासून गुडघ्यांपर्यंत गुंडाळून झाले होते.

"थांबा," मी म्हणालो. "गुंडाळू नका."

मी एकेक चौकट आबासाहेबांच्या ओळीत उभी केली. वर्तमानपत्राची चुरचुर थांबली. मला या क्षणाचा आवाज फार आवडला. मी बोट लावून दाखवायला लागलो.

"ही तलवार. हीच तलवार. हीच. आणि हीच. हा सिंह, नाक नाही. नाक नाही. नाक नाही. नाक नाही. हंस दोन, दोन, दोन, दोन. आता आबासाहेबांच्या पायावरचा कागद काढा. काढा. अनवाणी! पुष्कराज, तुझे पणजोबा जत्रेतले आहेत. ही तलवार स्टुडिओची आहे."

पुष्कराजनं चारही फोटो डावीकडून उजवीकडे बघितले. मग उजवीकडून डावीकडे. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"हे धाकटे पणजोबा," तो भुवयांवर पागोटं आलेल्याकडे बोट करून म्हणाला. "हे मधले. खाण्यापिण्याचे शौकीन. तलवार एकच होती घरात, आळीपाळीनं वापरायचे."

"आणि ही?" मी ओरडलो.

"आत्या," पुष्कराज म्हणाला. "त्या दिवशी तिची पाळी होती तलवारीची."

आधी शेवंताबाई हसल्या. मग शेजारून बघणारा पितळेवाला. शलाका हसायची थांबेचना. ती खाली ताडपत्रीवर बसली, मेलेल्या माणसांच्या मध्ये, आणि तोल जाऊ नये म्हणून तिनं पुष्कराजचा हात धरला. बाही नाही, हात. हसणं संपलं तरी तिनं तो सोडला नाही. मला वाटतं तिच्या लक्षात आलं नसावं. माझ्या आलं.

"म्हणजे तुला माहीत होतं?" मी तिला विचारलं. "हा खोटं बोलतोय हे?"

"अरे वेड्या, सगळ्यांनाच माहीत होतं!" तिनं डोळे पुसले. "त्या पितळेवाल्या काकांनी सकाळी सांगितलं मला. इथली रीतच आहे. फोटोतल्या माणसाला आपला म्हटलं की भाव उतरतो."

मी शेवंताबाईंकडे बघितलं. "तुम्हालाही माहीत होतं?"

"मला न्हाई तर कुनाला?" त्या म्हणाल्या. "रोज दोन-चार नातू येत्यात. येकदा तर ह्याच सरदाराला दोघं आले, भांडायला लागले. आपल्याला काय? जो आपला म्हनंल त्याला कमीत द्यायचा."

"पण का? खोटं आहे ना ते?"

"आवो दादा, शोभेला नेलेलं मानूस चार दिसांत माघारी आनून देत्यात. बायकोला आवडलं न्हाई, भितीला शोभलं न्हाई. पन आपला म्हनून नेला, चार लोकांत पाया पडला, की परत आनायची लाज वाटती. माल परत येत न्हाई. ह्यात माझा फायदा हाय."

"मग मला का नाही सांगितलं?" मी शलाकाला विचारलं.

तिचं हसू थोडं कमी झालं.

"तुलाच विचारलं होतं ना आधी," ती म्हणाली. "दोनदा विचारलं. डोळे केवढे केले मी! प्रेत तू आहेस, फोटो तुझ्याच बापाचा, म्हटलं तूच नातू हो. तू म्हणालास, माझं इथे कोणीही नाही. आणि हा पठ्ठ्या, ह्याला कोणी काही सांगितलंही नव्हतं."

"मला वाटलं हेम्याला जमत नाहीये, म्हणून मी घेतला सीन," पुष्कराज म्हणाला. तो खरंच चांगल्या मनानं म्हणाला. म्हणूनच मला तिथली एक समई उचलून त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. पण समई पितळेवाल्याची होती आणि तो माझ्याकडेच बघत होता.

आबासाहेबांचं गुंडाळणं पूर्ण झालं. तसबीर हातात धरून रिक्षात नीट बसेना, म्हणून बुलेटवर न्यायची ठरली. पुष्कराजनं हॅट घालून गाडीला किक मारली. शलाका मागे बसली आणि तिनं तसबीर दोघांच्या मध्ये उभी धरली. तेवढा एक सरदार दोघांत होता, एवढाच काय तो मला आधार.

सध्या तो दोघांत नाही, भिंतीवर आहे. त्या एकांकिकेला नेपथ्याचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि तसबीर पुष्कराजकडेच राहिली. त्यांच्या हॉलमध्ये आहे. शलाका दिवाळीला त्याला हार घालते, आणि त्यांचा मुलगा परीक्षेला जाताना आबासाहेबांच्या पाया पडून जातो. परत द्यायला कोणी गेलं नाही. हे मला शेवंताबाईंना सांगायला आवडलं असतं.

त्या रविवारी गाडी निघणार, तेवढ्यात शलाकानं पुष्कराजच्या खांद्यावर थाप मारून त्याला थांबवलं.

"हेम्या," ती म्हणाली, "सकाळी तू काहीतरी सांगणार होतास ना रे? कवळीचं नव्हतं ते."

बुलेट धडधडत होती. पुष्कराज आरशात बघून हॅट नीट करत होता. शलाका मात्र माझ्याकडेच बघत होती आणि तिनं डोळे पुन्हा सकाळसारखे मोठे केले होते. यावेळी ते मला दिसले.

वाक्य तयार होतं. ओठांपर्यंत आलंही.

"त्याला हळू चालवायला सांग," मी म्हणालो. "काच आहे."

"एवढंच?"

"खड्डे फार आहेत."

मग तिनं मान हलवली, तसबीर घट्ट धरली आणि दोघं गेले. खड्ड्यांतून अगदी हळू गेले, त्यामुळे दिसेनासे व्हायला बराच वेळ लागला.

मी तिन्ही चौकटी उचलून परत द्यायला गेलो. भंगारवाल्यानं चप्पल विकली होती. "गिऱ्हाईक आलं एक," तो म्हणाला, "डावीच हवी होती." मग शेवंताबाईंच्या ओळीवरूनच परत यावं लागलं. ऊन उतरायला लागलं होतं. त्या उरलेली माणसं पोत्यात भरत होत्या.

"दादा," त्यांनी हाक मारली. "ती पोरगी तुमची कोन लागती?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

शेवंताबाईंनी मिश्रीचं बोट लुगड्याला पुसलं आणि मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"मंग पुरा भाव पडला म्हनायचा," त्या म्हणाल्या. "आनि तेवढा पाय काढा. आज्जीवर उभे हाय तुमी."

मी खाली बघितलं. खरंच उभा होतो.